एका दिवशी जन्मलेली बारा मुलं

मला वाचायची खोड आहे. कादंबऱ्या नव्हेत, त्यांना वेळ कुठाय! औषधाच्या खोक्यात घडी करून कोंबलेला तो पातळ कागद, गाडीतल्या बाळाच्या खुर्चीमागचं बारीक अक्षर, शाळेच्या संमतीपत्राची मागची बाजू. विनी जन्मली तेव्हा इस्पितळातून निघताना मी सगळे कागद वाचून मगच सह्या केल्या. तोवर माझा नवरा ग्रँट गाडी सुरू ठेवून दारात उभा होता. सहा वर्षं झाली, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तो अजून ती गोष्ट सांगतो आणि सगळे अजून हसतात.

माझ्या बरोब्बर उलट बाई म्हणजे केंड्रा व्होगेलसांग. सेंट लुईसच्या पश्चिमेला आमचं उपनगर, तिथल्या शाळेच्या पालकसंघाची ती अध्यक्ष. घरं विकते, शिवाय नोटरी आहे. पर्समध्ये लिपस्टिकशेजारी शिक्का. दुसऱ्यांच्या सह्या खऱ्या आहेत हे छातीठोकपणे सांगणं हा तिचा व्यवसाय. स्वतः मात्र ती कुठलाही कागद वाचत नाही. "वाचून काय होतं? सही तर करायचीच असते ना," असं म्हणते. या बाबतीत ती फारशी चुकीची नाही, हे मला नंतर कळलं.

तिच्या ब्रॅमचा सहावा वाढदिवस फेब्रुवारीत होता. जागा: फ्लिपवुड. हायवेलगत पूर्वी फर्निचरचं दुकान होतं, त्याच्या आत भिंतीपासून भिंतीपर्यंत उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनच्या जाळ्या लावल्यात. दारावर फलक: 'गटांचं स्वागत! दहापेक्षा जास्त मुलं असतील तर पिझ्झा आमच्याकडून.' मुलं बारा होती. बाकीच्या आया त्यांना दारात सोडून, हात हलवून निघून गेल्या होत्या; अशा पार्ट्यांची तीच पद्धत आणि तेच खरं सुख. मी अर्थात थांबले.

आत एका खांबावर टॅबलेट. प्रत्येक मुलासाठी हक्कसोडपत्र, म्हणजे दुखापत झाली तर कंपनीला जबाबदार धरणार नाही असा कागद, भरल्याशिवाय मनगटाला हिरवा पट्टा नाही आणि पट्ट्याशिवाय उडी नाही. च्युइंगगम चघळणाऱ्या पोरीने हे सांगितलं आणि मी पुढे होऊन तो टॅबलेट हातात घेतला. चौदा पानं होती. माझ्यामागे नारिंगी मोजे घातलेली बारा पोरं आणि केंड्रा.

"मॅरेन, बाई, कादंबरी आहे का ती?"

"तू अकरावं कलम बघितलंस?"

"मी पहिलंही नाही बघितलं."

"यात लिहिलंय, काही झालं तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. लवाद कोण, तर यांच्याच यादीतला. बंद खोलीत. आणि दोघींनी मिळून तक्रार करायची नाही, एकेकटीनेच यायचं. दारावर बघ गटांचं स्वागत!"

"मग? तुला आज कोर्टात जायचंय? केक दोनला कापायचाय."

"आणि हे कलम लागू आहे की नाही हे कोण ठरवणार, माहितीये? तोच लवाद."

"म्हणजे सासूची तक्रार सासूकडेच. घरोघरी तेच असतं, बाई. आण इकडे."

"थांब, माझं अजून वाचून झालं नाही."

लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा तिने टॅबलेट काढून घेतला. बाराही नावं पटापट लिहिली. प्रत्येकाची जन्मतारीख सक्तीची होती. तिला एकाच मुलाची माहीत होती, म्हणून तिने तीच बाराजणांना दिली. 'मी वरील सर्व मुलांची आई अथवा कायदेशीर पालक आहे' इथे खूण. खाली बोटाने सही, तिच्या त्या प्रसिद्ध गिरकीसकट. सगळं मिळून दीड मिनिट.

"झालं! याला म्हणतात काम."

विनी पट्टा लावून आत पळाली. मी तिला थांबवलं का? नाही. बाराव्या कलमात काय असेल याचाच विचार करत उभी राहिले.

हॉलच्या टोकाला उंचावरून उडी टाकायचा फोमचा खड्डा होता. फोमचे ठोकळे पोरांनी वर्षानुवर्षं कुरतडून त्यांचा भुगा केलेला, नवे कुणी घातले नव्हते. खाली पातळ गादी आणि तिच्याखाली जुन्या दुकानाचं सिमेंट. विनीचा चौथा नंबर होता. गाणी मोठ्याने लावली होती, तरी तो आवाज मला ऐकू आला.

नडगीचं हाड मोडलं, तेही नेमकं ते वाढतं त्या टोकाला. डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षं वाट बघू. दोन्ही पाय सारखे वाढले तर उत्तम."

"आणि नाही वाढले तर?"

"तर तेव्हा बघू."

तोही अहवाल मी चारदा वाचला. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

केंड्रा चीज घालून भाजलेल्या पास्त्याचा मोठा डबा घेऊन आली, रडली, आणि डबा परत कधी द्यायचा ते सांगून गेली. फ्लिपवुडने चार फुकट प्रवेशांचं कूपन पाठवलं.

खड्डा बंद झाला नाही. दोन शनिवारांनी मी जाऊन बघून आले, आत दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस चालू होता. मग मी शोधत गेले तर दोन वर्षांत त्याच खड्ड्यात पोराचं हाड मोडलेली आणखी नऊ घरं सापडली. प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच पोर वेडंवाकडं पडलं. आणि एप्रिलमध्ये विनीच्या दप्तरातून पिवळा कागद निघाला: पहिलीची वर्षअखेरची सहल, तीस मे, फ्लिपवुड. एकशे चार मुलं. मागच्या बाजूला तेच हक्कसोडपत्र.

त्या दिवशी मी वकील गाठली. डेल्फीन बुकर. आइस्क्रीमसारखं फ्रोझन कस्टर्ड विकणाऱ्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. आमच्या गावात सगळे विचारतात तेच तिने पहिल्यांदा विचारलं, "कुठल्या हायस्कूलची तू?" मी सांगितलं. तिने मान हलवली, म्हणजे माझं अर्धं चरित्र तिला कळलं, आणि मग ती कामाला लागली.

"सामूहिक दावा म्हणजे काय, तर एकीने सगळ्यांच्या वतीने भांडायचं. शंभर जणींचं भांडण, एक कोर्ट, सगळ्यांसमोर. हे कलम म्हणतं, शंभर जणी शंभर बंद खोल्यांत जा आणि आत काय झालं ते बाहेर बोलू नका. कंपनीला बोंब चालत नाही. कुजबुज कितीही चालते."

"आणि कोर्ट हे मान्य करतं?"

"या देशात? हसतमुखाने. सही केलीस ना, संपलं. 'वाचलं नव्हतं' हे कारण चालत नाही."

"मी वाचलं होतं."

तिने पेन खाली ठेवलं. "कुणी?"

"मी. अकराव्या कलमापर्यंत."

"तीस वर्षं वकिली करतेय, तू पहिलीच. हे बाहेर कुणाला सांगू नकोस."

"पण सही मी नाही केली." मग मी टॅबलेटची सगळी गोष्ट सांगितली. जन्मतारखांपर्यंत आले तेव्हा डेल्फीनने हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"ऐक. त्या नऊ घरांनी आपापल्या पोरांसाठी स्वतः सह्या केल्यात, त्या अडकल्या. तुमच्या पार्टीतली ब्रॅम सोडून अकरा मुलं मात्र मोकळी, कारण त्यांच्या आईबापांनी कशालाच होकार दिलेला नाही. होकारच नाही तर कलम कुठलं! मग विनीच्या नावाने सगळ्यांसाठी दावा लावता येईल आणि निकाल लागेपर्यंत खड्डा बंद ठेवा असं सहलीआधी मागता येईल. पण कलम लागू ठरलं, तर जज त्या खड्ड्याकडे बघूही शकणार नाही. सगळं तुझ्या त्या मैत्रिणीवर आहे. तिने शपथेवर सांगायला हवं."

शाळा सुटताना गाड्यांची रांग लागते. मी माझी गाडी सोडून केंड्राच्या खिडकीशी गेले.

"तुला कोर्टात यायचंय."

"काय सांगायला?"

"तू आमच्या मुलांची आई नाहीस, हे."

"त्याला कोर्ट कशाला? माझी असती तर शेंबूड पुसलेला असता."

"आणि तू आम्हाला न विचारता सही केलीस, हेही."

तिने गाणं बंद केलं. "मॅरेन, मी नोटरी आहे गं. खोटी सही केली असं मीच शपथेवर सांगितलं तर शिक्का जाईल माझा. गावभर होईल. माझ्या हातून घर कोण घेईल?"

"शिवाय नववं कलम आहे. खोटं पालकत्व सांगणाऱ्याने कंपनीचं सगळं नुकसान भरून द्यायचं." 'हे तिला आत्ता सांगू नकोस,' असं डेल्फीनने मला बजावलं होतं. पण मला लपवता येत नाही.

"हे तुला तेव्हा सांगता आलं नाही?"

"तू टॅबलेट ओढून घेतलास."

मागून हॉर्न वाजले. केंड्राचा चेहरा लाल झाला. "तुझ्यासाठी केलं मी ते! नाहीतर तुझी पोर अजून त्या दारातच उभी असती."

"हो. दोन्ही पायांवर."

तिने काच वर केली.

सुनावणी वीस मेला होती. सहलीला दहा दिवस. डेल्फीनने केंड्राला समन्स पाठवलं होतं. ती आली, पण माझ्याकडे न बघता शेवटच्या बाकावर बसली. कंपनीचा वकील व्हिटलॉक, लोण्यासारखा आवाज. त्याचं म्हणणं साधं होतं: आयांनी मुलं केंड्राच्या ताब्यात दिली, म्हणजे सहीचा अधिकारही दिला. तेव्हा सगळ्यांनी लवादाकडे जावं. एकेकट्याने.

मग त्याने मला उभं केलं.

"मॅडम, आपण अकरावं कलम वाचलं होतं?"

"हो."

"समजलं होतं?"

"हो."

"आणि तरीही मुलीला आत जाऊ दिलंत?"

"...हो."

तो जजबाईंकडे वळला. जजबाईंचं नाव हॅचर, तोवर त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. "बाईसाहेब, ज्यांनी वाचलं नाही त्यांचं एक वेळ समजून घेऊ. या बाईंनी मात्र वाचलं, नीट समजून घेतलं आणि गप्प राहून संमती दिली. आमच्या लाखो ग्राहकांत इतकी जाणती संमती दुसऱ्या कुणाची नसेल."

घ्या! न वाचता सही करणाऱ्या बांधल्या गेल्या कारण त्यांनी वाचायला हवं होतं. आणि मी बांधली जाणार होते कारण मी वाचलं होतं. मागे ग्रँट बसला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

केंड्राला बोलावलं. व्हिटलॉकने आवाज आणखी मऊ केला. "घाबरू नका. आपण एक जबाबदार महिला आहात, नोटरी आहात. इतर आयांनी मुलं विश्वासाने आपल्यावर सोपवली. म्हणजे सह्या करायचा अधिकार आपल्याला होताच, नाही का?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं तिला. शिक्का वाचला असता, नववं कलम टळलं असतं. आणि 'हो' हा असा शब्द, जो केंड्राने आयुष्यात समोर आलेल्या प्रत्येक कागदाला न वाचता म्हटलेला आहे.

तेवढ्यात जजबाईंनी मान वर केली. त्यांच्या हातात त्या हक्कसोडपत्राची छापील प्रत होती. "एक मिनिट. ही बारा मुलं... सगळी नऊ फेब्रुवारीला जन्मली?"

"हो, बाईसाहेब. म्हणजे, नाही. मला ब्रॅमचीच तारीख पाठ होती. त्यालाही गेल्या वर्षी केक एक दिवस उशिरा आणला."

कोर्टात हशा पिकला. जजबाई हसल्या नाहीत. "व्हिटलॉक, एका आईला एकाच दिवशी बारा मुलं झाली, तुमच्या यंत्राला यात काही वावगं वाटलं नाही?"

"बाईसाहेब, यंत्र तारीख तपासत नाही. जागा रिकामी नाही ना, एवढंच बघतं."

"म्हणजे यंत्रही वाचत नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "उत्तर द्या, बाई. अधिकार होता?"

केंड्रा आपल्या बोटाकडे बघत होती. ज्या बोटाने सही केली त्याच.

"नव्हता. मी कुणालाच विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही, शाळेत कुणालाही विचारा."

"आणि या बाई? त्या तर तिथेच उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या?"

"मॅरेन? गप्प?" केंड्राने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ती म्हणाली, 'थांब, माझं अजून वाचून झालं नाही.' मी थांबले नाही."

व्हिटलॉकने आपले कागद उगाचच सारखे केले.

तासाभराने निकाल आला. अकरा मुलांच्या वतीने कुणीही करार केलेला नाही. त्यांचा दावा कोर्टात, सगळ्यांसमोर चालेल. निकाल लागेपर्यंत खड्डा बंद, आजपासून. ज्या नऊ घरांनी प्रामाणिकपणे, स्वतःच्या हाताने सह्या केल्या होत्या, त्यांनी मात्र एकेकट्याने लवादाकडे जावं. ब्रॅम व्होगेलसांगनेही, कारण त्याच्या आईची सही खरी.

"म्हणजे खरी सही करणारे अडकले आणि खोट्या सहीवाले सुटले?" मी जिन्यात विचारलं.

"कायदा आहे हा," डेल्फीन म्हणाली. "शहाणपण नव्हे. चल, कस्टर्ड खाऊ."

एकशे चार मुलं तीस मेला प्राणिसंग्रहालयात गेली. तिथे तिकीट नाही आणि सहीही नाही. विनी कुबड्या घेऊन गेली आणि पेंग्विन आपल्यासारखेच चालतात म्हणाली.

केंड्राचा शिक्का राज्याच्या राजधानीतल्या, जेफरसन सिटीच्या कचेरीने चौकशी होईपर्यंत मागवून घेतला. आणि जूनमध्ये ती एका हातात लोण्याचा चिकट केक, दुसऱ्या हातात पाकीट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. फ्लिपवुडचं पत्र होतं, सोबत तेच चौदा पानी हक्कसोडपत्र. नवव्या कलमाप्रमाणे, खोटी सही केल्याबद्दल, सगळं नुकसान तुम्ही भरा. सुनावणी लवादासमोर, बंद खोलीत. एकटीनेच यायचं.

"गंमत बघ," मी म्हटलं. "वरच्या कोर्टात यांनी अपील केलंय, त्यात म्हणतात तुझी सही खरी. या पत्रात म्हणतात, खोटी."

"मला ते नको सांगूस. चौदाही पानं वाच. पहिल्यापासून. मला ऐकायचंय."

मी वाचायला घेतलं. पाचव्या कलमाला तिने केकचा तिसरा तुकडा घेतला. आठव्याला तिचे डोळे मिटले, मी थांबले तशी म्हणाली, "जागी आहे. हळू वाच." तेराव्याला आम्ही पोचलो तेव्हा कॉफी गार झाली होती. 'सही करणाऱ्या पालकास आपली अल्पवयीन मुले सुनावणीस सोबत आणता येतील.'

"परत वाच."

मी परत वाचलं.

"आपली मुलं." केंड्रा सरळ बसली. "अपिलात कंपनीच्या मते माझी मुलं किती?"

"केंड्रा..."

"किती, सांग ना."

"बारा."

"मग एकटी कशी जाऊ? पोरं घरी कुणाकडे ठेवू?"

नदीकाठच्या त्या उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर लवादाचं ऑफिस आहे. खाली जाड गालिचा, काचेची दारं, कुजबुजत बोलणारी माणसं. लिफ्टच्या दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत विनी कुबड्यांवर, तिच्यामागे ब्रॅम आणि आणखी पाच जण. दुसरीत बाकीचे पाच आणि आम्ही काही आया. आम्हाला दारापर्यंतच परवानगी होती. व्हिटलॉक समोरच उभा होता. त्याने मुलं मोजली. मग परत मोजली.

"मॅडम, हे काय?"

"माझी मुलं," केंड्रा म्हणाली. "एकाच दिवशी झाली. तुमच्याकडे कागद आहे ना?"

"हे चालणार नाही. ही तुमची मुलं नाहीत."

"बरं झालं. हेच लिहून द्या, सहीनिशी. अपिलात लावते डेल्फीन."

स्वागतकक्षातली बाई मधे पडली, अगदी हळू आवाजात. "आत जाण्याआधी सगळ्यांची नोंद लागेल." तिने काउंटरवरून टॅबलेट पुढे सरकवला. बारा नावांच्या रिकाम्या जागा आणि खाली बारीक अक्षर.

केंड्राचं बोट सवयीने वर गेलं. हवेत थांबलं. मग तिने टॅबलेट उचलून माझ्या हातात दिला.

"तू वाच, मॅरेन. आम्ही थांबतो."

पोरं गालिच्यावर मांड्या घालून बसली. विनीने कुबड्या आडव्या ठेवल्या. मी वाचायला सुरुवात केली, आणि पहिलं कलम अर्ध्यावर आलं असेल नसेल तोच व्हिटलॉकने घड्याळाकडे बघितलं.